इलोनाबाई लोणचं घालायला गेल्या नव्हत्या

रविवारची दुपार आहे. जेवणं झालीत, भांडी पालथी पडलीत, आणि मी मधल्या खोलीत नुसत्या फरशीवर आडवी झालेय. चटई आणायला उठावं लागेल आणि मी उठणार नाही. गाल फरशीला लावलाय. वर पंखा फिरतोय, त्याचं एक पातं कुठंतरी घासतंय, खर्र, खर्र, खर्र. आतल्या खोलीत आई कपाटावरची बॅग खाली काढतेय. मला न बघता कळतं, कारण त्या बॅगेचं एक चाक मोडलेलं आहे आणि जमिनीला टेकताना ती लंगडी होते.

झोप लागायच्या आत आमच्या घराचं सांगून घेते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमचं घर मिरजेत आहे. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. खाली बाबा असतात, वर आई असते, मध्ये जिना असतो आणि जिन्यावर मी असते. गणपतीच्या आधीपासून आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडत नाहीत हं. भांडायला बोलावं लागतं. कशावरून सुरू झालं ते मला विचारू नका, त्यांना तरी नीट आठवत असेल की नाही कोण जाणे. आता सगळं माझ्यामार्फत.

आई म्हणते, "बाबांना सांग, गॅसवाला येणारे, खाली नुसते बसलेत तर सिलिंडर वर चढवायला या म्हणावं. मी हमाल नाही."

मी खाली जाऊन म्हणते, "बाबा, गॅसवाला येणारे, आईला तुझी जरा मदत हवीय."

बाबा म्हणतात, "गिऱ्हाईक टाकून येऊ का? एवढं तरी कळायला पाहिजे माणसाला."

मी वर जाऊन म्हणते, "बाबा म्हणाला गिऱ्हाईक आहे गं, नाहीतर आलाच असता."

बघितलंत? मला हे जमतं. यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन मी केलं, नववीतल्या मुलीला पहिल्यांदाच दिलं होतं. नाटकाच्या मध्येच पडदा अडकला. मागे सगळे ओढताहेत, तो हलेना. मी माईक घेतला आणि तो निघेपर्यंत अख्खं मैदान हसवत ठेवलं. काय बोलले ते मलाच आठवत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, ही पोरगी कुठंही उभी करा, वेळ निभावून नेईल. तेव्हापासून मी दोन वेण्या सोडल्या, एक पोनी बांधते आणि वर्गात शेवटच्या बाकावरून पुढच्या बाकावर आलेय. खोटं कशाला सांगू, मला मी आवडायला लागलेय.

पण शाळेतला पडदा शेवटी निघाला. घरातला निघत नाही. रोज संध्याकाळपर्यंत माझ्या पोटऱ्या भरून येतात आणि जीभ जड होते, दिवसभर कुणाचं तरी सामान वाहिल्यासारखी.

आणि आज जेवताना आई म्हणाली, "बाबांना सांग, रत्नागिरीच्या नर्सिंग कॉलेजातल्या नोकरीचं मी नक्की करतेय. राहायलाच जाणार. संध्याकाळी फोन करून हो सांगायचंय. त्यांना काही म्हणायचं असेल तर त्याआधी म्हणावं." शेवटचं वाक्य बोलताना ती पोळीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा दुमडत होती.

मी खाली गेले. रविवारी दुकान बंद असतं, तरी बाबा शटर अर्धं ओढून आत बसतात, काचा पुसत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते इतके दमलेले दिसत होते की माझ्या तोंडून आलं, "आई रत्नागिरीला जाऊन यायचं म्हणतेय. कॉलेजचं काहीतरी काम आहे."

"जाऊ दे की," बाबा म्हणाले. "मला काय विचारायचं त्यात."

मी वर आले. आता आईच्या तोंडाकडे बघितलं. "जा म्हणाला. आनंदाने जा म्हणाला."

मला वाटलं, हे तिला बरं वाटेल. तिनं पोळीचा तुकडा ताटात ठेवला, उठली, हात धुतले. आणि आता ती बॅग काढतेय.

खर्र, खर्र, खर्र. पंख्याचा आवाज खाली खाली येतो. इतका खाली की तो आता माझ्या कानाशी आहे, आणि तो पंखा नाही. कुठलं तरी चाक गरगरतंय आणि त्यातून काहीतरी लांबच लांब सरकत जातंय.

"पाय जवळ घे," कुणीतरी म्हणतं. "वायर जाऊ दे."

मी पाय जवळ घेते. माझ्या पायाशी अप्पा उकिडवे बसलेत, वायर सोडवत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. अख्ख्या गावाला चष्मे करून दिले, स्वतःची काडी कधी बदलली नाही.

अप्पा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला गेले.

"अप्पा, तुम्ही गेलात ना पण?"

"गेलोच होतो. प्रिंट आलीय असं कळलं म्हणून आलो."

"कुठली प्रिंट?"

"बेलारावांची. दुसरी कुठली?"

मला हसू येतं. ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला फराळाबरोबर व्हायची. अप्पांचं चित्ररसिक मंडळ होतं. वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा परदेशी सिनेमा लावायचे. रिळं दिल्लीहून पेटीतून यायची. एकदा हंगेरीचा एक जुना सिनेमा आला, माझ्या पणजोबांच्या काळातला, आणि लावून बघतात तर खाली इंग्रजी अक्षरंच नाहीत. नुसती हंगेरियन बडबड. हॉल भरलेला. लोक उठायला लागले. तेव्हा अप्पांनी ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरली, सार्वजनिक गणपतीचा माईक ओढला, पडद्याच्या बाजूला उभे राहिले आणि त्या सिनेमाला मराठीतून बोलायला लावलं. हंगेरियनचं एक अक्षर येत नसताना.

सिनेमा एका नवरा-बायकोचा होता, ज्यांचं अजिबात पटत नाही. नवऱ्याचं नाव बेला, अप्पांनी त्याचे बेलाराव केले. बायको इलोना, तिच्या इलोनाबाई झाल्या. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. त्यानंतर कितीतरी वर्षं दुकानात येणारी माणसं नंबर काढता काढता विचारायची, "काय अप्पा, बेलाराव काय म्हणतात?"

त्याच खेळाला आई-बाबा आले होते. लग्न ठरलेलं होतं, व्हायचं होतं. आई पूर्वी कधीतरी म्हणायची, आता नाही म्हणत, पण म्हणायची, की मी तुझ्या बाबांशी नाही, तुझ्या अप्पांच्या बोलण्याशी लग्न केलं.

"चल," अप्पा म्हणतात. "लोक येऊन बसलेत."

आम्ही जिना उतरतो. माझे पाय आधीच दुखताहेत. जिना नेहमीसारखा वळतो, मग पुन्हा वळतो, आणि भिंतीवरचा बाबांचा सायकलवरचा लहानपणीचा फोटो दोनदा लागतो. दुसऱ्या फोटोत सायकल आहे, बाबा नाहीत.

"अप्पा, दमले मी."

"मी पण," अप्पा म्हणतात. "मेल्यावर तरी बोलणं संपेल असं वाटलं होतं. तिकडेही मलाच पुढे करतात."

खाली दुकान असायला हवं, पण वाचनालयाचा हॉल आहे. हिरव्या पट्ट्यांच्या खुर्च्या, वर पिवळे दिवे. सगळ्या खुर्च्यांवर माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर आमच्या दुकानातली तपासणीची फ्रेम आहे, ती जड, गोल, वेगवेगळ्या काचा घालून बघायची. कुणाच्या एका डोळ्यावर काच आहे, दुसऱ्यावर काळी झाकणी. कुणाला काही धड दिसत नसणार, पण सगळे आत्तापासूनच हसताहेत.

चौथ्या रांगेत आई आणि बाबा आहेत. तरुण. आईच्या केसात अबोली आहे, बाबांना मिशी आहे जी मी कधीच बघितलेली नाही. दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी आहे.

"ती कुणाची?" मी विचारते.

"तुझी. पण तू अजून जन्मायचीस, तोवर इकडे ये." आणि अप्पा माझ्या हातात माईक देतात.

माईक ओळखीचा आहे, आमच्या शाळेचा, मुठीपाशी निळी चिकटपट्टी लावलेला. मी तो हातात घेते आणि सांगते तुम्हाला, सगळा थकवा एका क्षणात कुठल्या कुठे जातो. समोर माणसं बसली की मला असंच होतं.

पडद्यावर बुडापेस्ट उजाडतं. पडदा म्हणजे आमच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर आहे, कडेला चिमटे लावलेले. बेलारावांचं हातमोज्यांचं दुकान आहे. त्यांचा भांग मधोमध आणि मान ताठ. इलोनाबाई वर राहतात, दुकानाच्या वर, हे मला अप्पांनी कधी सांगितलं नव्हतं. बेलाराव बायकोच्या पियानोला खिळे ठोकतात. इलोनाबाई रात्रभर बसून त्यांच्या सगळ्या हातमोज्यांची बोटं शिवून टाकतात. सकाळी गिऱ्हाईक हात घालतं आणि हात आत जातच नाही. हॉल खदखदतो.

मग जेवणाचं टेबल. लांबलचक. एका टोकाला ते, एका टोकाला त्या. इलोनाबाई काहीतरी बोलतात. बराच वेळ बोलतात, चमचा खाली ठेवून, खालच्या आवाजात.

मी माईकमध्ये म्हणते, "अहो, सूप निवतंय."

हॉल फुटतो. आई पण हसते, बाबांकडे बघून. बाबा तिच्याकडे बघून.

बेलाराव नॅपकिन फेकतात, उठतात, दार आपटतात. मी म्हणते, "मीठ आणतो गं, तू बस." लोक टाळ्या वाजवतात. कुणीतरी मागून शिट्टी मारतं. अप्पा बाजूला भिंतीला टेकून उभे आहेत, माझ्याकडे बघताहेत. मला वाटतं त्यांना कौतुक वाटत असणार.

"भारी जमतंय ना, अप्पा?"

"जमतंय," ते म्हणतात. "माझ्यापेक्षा चांगलं. म्हणूनच काळजी वाटते."

हॉलमध्ये बर्फ पडायला लागतो. बारीक, पिठासारखा. खुर्च्या आता बाकडी झालीत, वरचे दिवे फलाटाचे झालेत. समोर रूळ आहेत. पाटीवर मिरज जंक्शन लिहिलंय, पण अक्षरांवर भलत्याच मात्रा आहेत, हंगेरियन असाव्यात. एक चहावाला बर्फातून किटली घेऊन जातो. हे शेवटचं रीळ आहे, मला माहीत आहे. ह्याच रिळाचा शेवट आमच्या घरात सगळ्यांत जास्त सांगितला जायचा. इलोनाबाई बॅग घेऊन स्टेशनवर उभ्या असतात, बर्फ पडत असतो, त्या नवऱ्याला काहीतरी सांगतात आणि गाडीत बसतात. आणि अप्पांनी माईकवर सांगितलं होतं, "येते हं, आईकडे कैरीचं लोणचं घालायला चाललेय, महिन्याभरात परत." बाहेर एवढा बर्फ, आणि अप्पांनी कैऱ्या काढल्या. कुणालाही खटकलं नाही. सगळे आनंदानं घरी गेले.

इलोनाबाई येतात. टोपी, लांब कोट. हातात बॅग आहे. त्या काळी बॅगांना चाकं नसायची, पण ह्यांच्या बॅगेला आहेत, आणि एक मोडलंय. बॅग लंगडत येते.

मी त्या चाकाकडे बघत राहते.

त्या थांबतात. बोलायला लागतात. आवाज येत नाही, नुसते ओठ हलताहेत. हॉल, म्हणजे फलाट, माझ्याकडे वळलाय. सगळ्या गोल काचा माझ्याकडे. आता हसवेल, आता हसवेल.

मी माईक तोंडाशी नेते.

"तिच्याकडे बघ," अप्पा हळूच म्हणतात.

"लोक थांबलेत, अप्पा."

"थांबू देत. मी पण हेच केलं तेव्हा. अख्खं शेवटचं रीळ मी पडद्याकडे पाठ करून बोललो. ती काय म्हणतेय ते कळत नव्हतं, ते ठीक. पण तोंड तरी बघायचं होतं. मी लोकांची तोंडं बघत होतो. ती पडली की मला सोसायची नाहीत."

मी वळते.

आजवर मला इलोनाबाईंचा चेहरा माहीत नव्हता. गोष्टीत चेहरा नव्हताच. दमलेला आहे. रडका नाही, रागीट नाही. दिवसभर हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्सची ड्युटी करून घरी आल्यावर आईचा चपला काढताना जो होतो, तो.

त्या चादरीच्या अगदी कडेला येतात. चिमटे हलतात.

"बाळा," त्या म्हणतात, मराठीत, अगदी इकडच्या हेलात. "जरा थांबतेस का? माझं बोलणं अजून व्हायचंय."

"तुम्ही लोणचं घालायला चाललाय ना?"

"आमच्याकडे लोणचं दुकानात मिळतं गं."

"मग?"

"मी चाललेय. एवढंच म्हणत होते. परत यायचं की नाही ते माझं ठरलं नव्हतं. ते ह्यांनी काहीतरी बोलावं, मग ठरवावं, असं होतं. म्हणून तर मी गाडी सुटायच्या जरा आधी आले. दर वेळी येते. दर वेळी म्हणते. आणि दर वेळी हॉल हसतो आणि गाडी सुटते."

मला काय करावं कळत नाही, म्हणून जे रोज करते तेच तोंडात येतं. "मी सांगू का बेलारावांना?"

"नको," इलोनाबाई म्हणतात. इतक्या थकून म्हणतात की मला माईक खाली ठेवावासा वाटतो. "तुम्ही सगळे फार गोड सांगता."

"ते कुठायत?"

त्या बोट दाखवतात. फलाटाच्या टोकाला बाकड्यावर बेलाराव बसलेत. खांद्यांवर बर्फ साठलाय. मांडीवर हातमोज्यांचा जोड नीट घडी करून ठेवलाय, बायकांच्या मापाचा.

मी त्यांच्यापर्यंत जाते. फलाट लांब होत जातो, मग एकदम संपतो.

"काय करताय इथे?" मी विचारते.

"वाट बघतोय," ते म्हणतात. "लोणचं घालायला गेलीय ना. महिन्याभरात येते म्हणाली."

"ती म्हणाली?"

"तुझे आजोबा म्हणाले. एकच की ते." ते जरा सरकून मला जागा करून देतात. तेव्हा त्यांच्या खिशातून चष्मा पुसायचं पिवळं फडकं बाहेर डोकावतं, बाबांचं असतं तसलं. "मला बोलायचं होतं तिच्याशी. पण म्हटलं येणारच आहे, तेव्हा बोलू. घाई काय."

मी मागे बघते. चौथ्या रांगेतली आई उठून उभी राहिलीय, केसांतल्या अबोलीवर बर्फ पडतोय. बाबा बसलेत. मधली खुर्ची रिकामी आहे, आणि दोघंही त्या खुर्चीकडे बघताहेत, तिथून काहीतरी ऐकू येईल म्हणून. दोघांच्याही डोळ्यांवर त्या गोल फ्रेमा आहेत. एकमेकांकडे बघायची त्यांना सवयच राहिलेली नाही.

गाडी शिट्टी देते.

"अप्पा, मी काय सांगू त्यांना? पटकन सांगा. गाडी सुटेल."

अप्पा खिशातून डबी काढतात. बोटाएवढी पत्र्याची डबी, तिच्यात ज्येष्ठमधाच्या काड्या. बोलायच्या आधी नेहमी एक दाढेखाली धरायचे, म्हणायचे, बोलणाऱ्या माणसानं घसा सांभाळावा. लहानपणी मी मागायचे तर द्यायचे नाहीत. तू कुठे बोलतेस अजून, म्हणायचे.

ते एक काडी काढून माझ्या तळहातावर ठेवतात.

"तोंडात धर."

"मग बोलू कशी?"

"नको बोलूस. म्हणून तर देतोय."

"पण कुणीतरी बोलायला हवं ना. कुणीच नाही बोललं तर..."

"तर त्यांना ऐकू येईल," अप्पा म्हणतात, "की कुणीच बोलत नाहीये."

"मग गाडी सुटली तर?"

अप्पा चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी कानामागे सारखी करतात. जिवंतपणी करायचे, अगदी तसंच.

"सुटेलही," ते म्हणतात. "पण ती कुठं चाललीय ते तरी लोकांना कळेल."

माझे पाय खूप दुखताहेत. मी अप्पांच्या खांद्याला टेकते. शर्टाला काचेच्या पावडरीचा आणि कापराचा वास आहे. "अप्पा, तुम्ही आणखी थोडं थांबा ना."

"तू खूप जिने चढतेस, ऋजू," ते म्हणतात. "बस आता जरा."

मी काडी दाढेखाली धरते. लाकडासारखी लागते, मग हळूहळू गोड होते. प्रोजेक्टर खर्र खर्र करतो, रीळ संपतं, त्याचं टोक सुटून फटफट आपटायला लागतं, आणि चादर पांढरी होते. नुसती पांढरी.

फटफट म्हणजे खिडकीचं दार आहे. वारा सुटलाय. ऊन भिंतीवर वर सरकलंय, म्हणजे चार वाजून गेले असणार. माझ्या गालावर फरशीची रेघ उमटलीय आणि हाताची मूठ आवळलेली आहे. स्वयंपाकघरातून चहाचा वास येतोय. दाराशी बॅग उभी आहे, एका बाजूला कललेली.

तोंडात गोड आहे.

मी मूठ उघडते. तळहातावर ज्येष्ठमधाची काडी आहे. एक टोक चावलेलं, ओलं, धागे निघालेले.

आमच्या घरात ज्येष्ठमध नाही. अप्पांच्या खिशात असायचा, आणि तो शर्ट त्यांच्याबरोबरच गेला. मी काडीचा वास घेते, उजेडात धरून बघते. चावल्याच्या खुणा माझ्याच दाढेच्या आहेत, ही जरा तिरकी आहे ती माझीच.

"ऋजू, उठलीस का?" आई स्वयंपाकघरातून म्हणते. "बाबांना सांग चहा झालाय. आणि सांग, मी फोन करतेय आता."

मी उठते. पाय आपोआप जिन्याकडे जातात, त्यांना दुसरं काही येत नाही. दोन-चार पायऱ्या उतरते. ओठांवर वाक्य तयार आहे. बाबा, चहाला ये, आई बोलावतेय. किती सोपं आहे. किती छान हसून म्हणता येईल.

मी काडी तोंडात घालते, दाढेखाली धरते आणि जिन्याच्या मधोमध, वळणावर, सायकलच्या फोटोखाली बसते. भिंतीकडे सरकून बसते, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाट राहील अशी.

"काय गं?" खालून बाबा. "काय म्हणतेय आई?"

मी काही बोलत नाही.

"ऋजू?" वरून आई. "सांगितलंस का?"

मी चावते. घर किती शांत असतं मी बोलत नसताना, हे मला पहिल्यांदा ऐकू येतं. खाली काच पुसायचा आवाज थांबतो. वर गॅस बंद होतो. बराच वेळ कुणीच काही करत नाही, आणि मला सांगता येणार नाही इतकं बोलावंसं वाटतं. जीभ नुसती फडफडतेय. शाळेतल्या त्या अडकलेल्या पडद्यापुढे पण मला एवढी भीती वाटली नव्हती.

मग आईच्या पायांचा आवाज येतो. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर येते, हातात फोन आहे. माझ्याकडे बघते. माझ्या तोंडातल्या काडीकडे बघते. तिच्या कपाळावर एक आठी पडते आणि जाते. मग ती माझ्या बाजूनं, साडी गोळा करून, खाली उतरते. खालच्या पायरीवर थांबते. तिथून दुकान दिसतं.

"अहो," ती म्हणते.

गणपतीपासून ह्या घरात हा शब्द आला नव्हता. बाबा स्टुलावरून उठतात, हे मला दिसत नाही, पण स्टूल मागं सरकतं ते ऐकू येतं.

"रत्नागिरीचं," आई म्हणते. "फोन करायचाय आता त्यांना."

"हो, म्हणाली दुपारी ऋजू. जाऊन यायचंय ना तुला?" बाबांचा आवाज अवघडलेला आहे, खूप दिवस न घातलेल्या बुटांसारखा. "जाऊन ये की. कधी परत यायचंय?"

आई मागं वळून माझ्याकडे बघते. मी तिच्याकडे बघते. ह्या वेळी फक्त तिच्या तोंडाकडे, बाबांना काय वाटेल तिकडे नाही. तिला कळतं. मी काय सांगितलं होतं आणि काय नव्हतं, सगळं तिला तिथं उभ्या उभ्या कळतं. ती रागावत नाही. ती फोन बंद करून पदराखाली धरते आणि पुन्हा बाबांकडे वळते.

"लोणचं घालायला नाही चालले मी, अहो," ती म्हणते.

मग बाबांनी डोळे तपासायचं स्टूल, गिऱ्हाईक बसतं ते, पुढं ओढल्याचा आवाज येतो.

"बस," ते म्हणतात. "काय म्हणतेयस ते नीट सांग."

आई बसते. मी जिन्यावर बसूनच राहते. काडीतलं गोड संपत आलंय, दाढेखाली आता नुसतं लाकूड उरलंय. तरी मी तोंड उघडत नाही.